वाटीतलं सिलिकोन

भोरच्या कॉलेजात मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. पॉलिमरचा धडा आला की पॉलियुरेथेन आणि सिलिकोन ही दोन नावं मी एका दमात उरकायचे. पॉलियुरेथेन म्हणजे गादीतला फोम, बुटाचा तळ, फ्रीजच्या दारातलं भरण. सिलिकोन म्हणजे खिडकीच्या काचेभोवतीचं रबर, केकचे मऊ साचे. पुस्तकात शेवटी 'शस्त्रक्रियेतील उपयोग' असं लिहिलेलं असायचं. तिथं मी थांबत नसे. मुलंमुली एकत्र बसलेली असतात, मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसतं, म्हणून मी फळा पुसायला घ्यायचे.

माझा डावा स्तन काढला त्याला आता काही वर्षं झाली. हे वाक्य आधी मी तीन तऱ्हांनी लिहून खोडलं. ऑपरेशनच्या वेळी आम्ही सगळ्यांना पित्ताशयाचं म्हणून सांगितलं होतं. गर्भाशय म्हणायचं की पित्ताशय, हे आम्ही दोघांनी पुण्याच्या हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून ठरवलं. गर्भाशय म्हटलं तर बायका आणखी चार प्रश्न विचारतील, पित्ताशयाबद्दल कुणी काही विचारत नाही, असं ह्यांचं म्हणणं पडलं. हे बँकेत आहेत, माणसं काय विचारतात याचा त्यांना अंदाज असतो. गाठ लहान असतानाच सापडली, केस जाणारं औषध लागलं नाही, त्यामुळे लपवणं सोपं गेलं.

हॉस्पिटलात कापूस भरलेली एक पिशवी दिली होती. ती धुतल्यावर गोळा झाली. मग मी बाजारातल्या गादीवाल्याकडून फोमचा तुकडा आणला, खुर्चीत पाठीला लावायला हवा म्हणून. घरी दार लावून कात्रीनं तो गोल कापला, कडा निमुळत्या केल्या. आकार बरा जमला. पण फोम म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. त्याला वजन नाही, आणि वजन नसलेली वस्तू कपड्यात एका जागी राहत नाही, हे रसायनशास्त्राच्या बाईला आधी सुचायला हवं होतं.

ते मला वर्गात कळलं. फळ्यावर वरच्या बाजूला समीकरण लिहीत होते. हात वर गेला तसा फोमही वर सरकला आणि गळ्याच्या हाडाशी येऊन बसला. मी वळले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीची नजर तिथं गेली आणि लगेच वहीत उतरली. ती हसली नाही. हसली असती तर मी रागावले तरी असते. मी पुन्हा फळ्याकडे तोंड केलं आणि तेच समीकरण खाली परत लिहिलं. मग त्याच्याखाली परत. बेल होईपर्यंत मी वर्गाकडे पाठ करून उभी होते. मुलं मुकाट्यानं तेच तेच उतरवून घेत होती.

त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला, कृत्रिम स्तन मिळतात त्या दुकानात गेलो. हे दुकानाबाहेर पलीकडच्या फुटपाथवर थांबले, मी त्यांना आत या म्हटलंही नाही. दुकानातल्या बाईंनी एका खोक्यातून तो काढला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला. जड होता, गार होता, आणि हातातल्या हातात कोमट होत गेला. आत सिलिकोनची जेल, वर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. माझ्या डोक्यात धडा सुरू झाला होता. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा ऑक्सिजन, अशा लांबच लांब साखळ्या. त्या एकमेकींना जागोजागी बांधल्या की रबर होतं. बांधणी अगदी विरळ ठेवली की ना पातळ ना घट्ट असं काहीतरी तयार होतं, हाताखाली मांसासारखं हलणारं. कुणीतरी प्रयोगशाळेत बसून ही विरळ बांधणी नेमकी किती ठेवायची ते शोधून काढलं होतं. इतकी वर्षं पुस्तकातलं नेमकं तेच वाक्य मी गाळत आले होते.

तो लावला आणि माझा उतरलेला खांदा सरळ झाला. आरशात मात्र मी ब्लाउज आणि पदर नीट झाल्यावरच बघितलं. आधी नाही.

घरी तो मी स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायचे. ह्यांच्यासमोर कधी काढला नाही. ह्यांनीही कधी विचारलं नाही. दिवा घालवल्याशिवाय मी कपडे बदलत नसे आणि हे त्या वेळी मोबाईलमध्ये बघत बसत. इतकं आमचं ठरून गेलं होतं.

एकदा साडीची पिन लावताना ती आरपार गेली. चिकट जेल टोकाएवढी बाहेर आली. पुण्याला जायला सवड नव्हती. मी न्हाणीघराच्या फरशीत भरायच्या सिलिकोनची नळी आणली आणि त्या भोकावर थेंब लावला. ते सिलिकोन हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं आणि घट्ट होताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, म्हणजे व्हिनेगरचाच वास. हे मी शिकवलेलं आहे. तरीही सकाळच्या घाईत तो तसाच लावून कॉलेजात गेले. स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसले आणि इतिहासाचे सर म्हणाले, "डबा कुणी उघडलाय? मुरवलेला कांदा आणलाय का कुणी?"

मराठीच्या बाईंनी आपला डबा हुंगून बघितला. मी म्हणाले, "माझ्याच डब्यात आहे."

"मग काढा की बाहेर," सर म्हणाले.

"दुपारी काढते," असं म्हणून मी उठले आणि अर्धा तास प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथं असले वास कुणाला नवे नसतात. घरी येऊन बघते तर तो थेंब नखानं सहज सुटला. पॉलियुरेथेनच्या पापुद्र्याला त्यानं धरलंच नव्हतं. मग मला हॉस्पिटलातली सलाईनची सुई आठवली. सुईवर नर्सनं जी पारदर्शक पट्टी चिकटवली होती ती पॉलियुरेथेनचीच असते. औषधाच्या दुकानातून तशी पट्टी आणली, भोकावर लावली आणि ती बसली. पुढं सहा महिने तो तसाच चालला.

माझं सासर वेल्ह्याच्या बाजूला आहे. भोरहून नसरापूरला एसटी बदलायची, मार्गासनीच्या पुढं उतरायचं आणि थोडं चालायचं. तिथं थोरले दीर आणि जाऊबाई असतात, भातशेती करतात. दिवाळीच्या सुट्टीत भात काढायच्या वेळी आम्ही जातो. त्या वर्षी मी अंघोळ करून आतल्या खोलीत आले, तो धुऊन टॉवेलवर वाळत ठेवला होता आणि मी केस पुसत होते. जाऊबाई पाटी न्यायला म्हणून आत आल्या. मी टॉवेलसकट तो छातीशी ओढून घेतला.

त्या दारातच थांबल्या. मग पाटी उचलली आणि म्हणाल्या, "ठेव खाली. भिंतीला पाठ लावून कशापायी हुबी ऱ्हायलीस? मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"पित्ताच्या आपरेशनाला कोन डावा हात आखडून धरतं का? तुला बगायला आले व्हते तवाच कळलं." त्या उंबऱ्यावर बसल्या. "तू सांगितलं न्हाईस म्हनून मी बी बोलले न्हाई."

चोरी पकडल्यावर होतं तसं काहीतरी मला झालं, आणि चोरी तर मी कसलीच केली नव्हती.

जाऊबाईंना मला दुसरंच काही सांगायचं होतं. त्यांच्या शेजारच्या घरातल्या सुनेचं तेच ऑपरेशन झालं होतं, पुण्यात, सरकारी दवाखान्यात. माझ्याहून वयानं लहान बाई. घरी आल्यापासून ती बाजाराला जात नव्हती, माहेरी जात नव्हती, बायकांबरोबर पाण्यालाही येत नव्हती. "तिला ह्ये दाव," जाऊबाई म्हणाल्या. "तिला ठावंच न्हाई असं काय मिळतं म्हनून."

"मी नाही दाखवणार," मी म्हणाले. "दुकानाचा पत्ता देते."

"पत्त्यानं काय हुतंय?"

"जाऊबाई, मला नाही जमणार."

त्या पाटी घेऊन खळ्याकडे गेल्या. मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तिला घेऊनच आल्या, आम्हा दोघींना आतल्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावून घेतली.

आम्ही दोघी चटईवर समोरासमोर बसलो. ती माझ्याकडे बघत होती, मी कडीकडे. मग तिनं सरळ ब्लाउजची बटणं काढली आणि आतून एक छोटी कापडी पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. धुतलेल्या मांजरपाटाची, हातानं शिवलेली.

"तांदूळ हायेत," ती म्हणाली. "कापूस भरला व्हता आदी, पन त्यो वर चडतो. तांदळाला वजन हाय. पन घामानं वास येतो. पावसात किडं झालं, अंगावर फिराय लागलं."

ती उघडी बसली होती. तिचा व्रण माझ्यासारखाच होता, थोडा जास्त ओढलेला. मी माझा स्वतःचा इतका वेळ कधी बघितला नव्हता. तिला लाज वाटत नव्हती असं नाही, पण तिनं ती दाराबाहेर ठेवली होती. मी ती पदरात घट्ट धरून बसले होते. शेवटी भिंतीकडे वळून मी माझा काढला, पदर पुढं ओढला आणि हात मागं करून तिला दिला.

"ऊन हाय की," ती म्हणाली.

"अंगाची ऊब धरतो."

तिनं तो दोन्ही हातांत झेलला, दाबला, उलटा करून बघितला. "पन रंग माजा न्हाई. लईच गुलाबी हाय."

"ब्लाउजच्या आत कुणाला दिसतोय रंग?" मी म्हणाले.

"मला दिसंल की," ती म्हणाली.

मला फक्त तो परत हवा होता, आणि ते बोलणं लवकर संपायला हवं होतं. म्हणून मी म्हणून गेले, "मी बनवून देते तुम्हाला. तुमच्या रंगाचा. ही पिशवी माझ्याकडे असू दे मापाला."

भोरला आल्यावर कळलं आपण काय कबूल केलंय ते. साचे करायला वापरतात ते दोन भागांचं सिलिकोन मागवता येतं. एका भागात दुसरा मिसळला की काही तासांत ते घट्ट होतं. ते मी घरी मागवलं. प्रयोगशाळेत हे करायची माझी छाती नव्हती. हे बँकेत गेले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडायचे. तिची पिशवी वजनकाट्यावर ठेवून वजन घेतलं, आणि त्या आकाराला जुळणारी खोलगट वाटी शोधली.

पहिला इतका टणक झाला की टेबलावर आपटल्यावर उडाला. साखळ्यांची बांधणी फार दाट झाली होती. दुसऱ्या वेळी घट्ट करणारा भाग कमी घातला. आतून छान मऊ झाला, पण वरून ओलाच राहिला, बोटाला तार यायची. दोन दिवस ठेवला तरी तसाच. हे कोडं सुटायला मला एक रविवार गेला. हाताला लागू नये म्हणून मी रबरी हातमोजे घालत होते आणि त्याच हातांनी वाटी आतून पुसून घेत होते. रबरात गंधक असतं. गंधकाचा नुसता स्पर्श झाला तरी या सिलिकोनला घट्ट करणारं प्लॅटिनम मरतं आणि तेवढा भाग कच्चा राहतो. हातमोजे काढले, वाटी नीट घासून घेतली, आणि वरचा थर नीट सुकला.

मग रंग. बाजारातून गेरू आणला, कुंड्यांना लावतात तो. गेरू म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, त्यानं काही बिघडत नाही. चिमूटभर घातला तर माझ्यासारखा गुलाबीच दिसायला लागला. आणखी घातला, अगदी किंचित काजळी घातली, आणि तिच्या हाताचा रंग आठवत ढवळत राहिले. आधी वाटीला आतून घट्ट सिलिकोनचा पातळ हात दिला, तो वाळल्यावर मऊ सिलिकोन ओतलं, आणि मागच्या बाजूला वजन बेतात राहावं म्हणून फोमची चकती बसवली.

त्या दिवशी हे बँकेतून लवकर आले. मी वाटी ताटात उपडी करून हळूच सोडवत होते. तो निघाला, ताटात थरथरला आणि स्थिर झाला. हे मागून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खरवस? गूळ घालून केलास का?" आणि मांडणीवरचा चमचा घेतला.

"खरवस नाही," मी म्हणाले.

"मग?"

मी सांगितलं. कुणासाठी आहे, कसा केला, सगळं. मला वाटत होतं माझ्या कानांतून वाफा निघतायत. हे खुर्चीवर बसले. मग एका बोटानं त्याला हलकेच दाबलं आणि बोट लगेच मागं घेतलं.

"तुझाही असाच असतो?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एवढा जड?"

"हो."

इतक्या वर्षांत आमचं त्याबद्दल झालेलं हे पहिलं बोलणं. ह्यांची मान खाली होती, माझीही. आम्ही दोघं लग्नाच्या बोलणीला बसल्यासारखे अवघडून बसलो होतो. मग हे उठले, तो न वापरलेला चमचा नळाखाली धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला.

वेल्ह्याला मी एकटीच गेले. एसटीत मांडीवरच्या पिशवीत डबा होता आणि शेजारच्या बाईंनी "काय नेताय?" विचारलं तेव्हा मी "खरवस" म्हणाले.

जाऊबाईंच्या घरी त्या सुनेनं तो आत जाऊन घातला आणि ती बाहेर आली. पाठ ताठ झाली होती. मला वाटलं होतं, आम्हा तिघींतच हे राहील. पण जाऊबाईंच्या अंगणात वाल सोलायला पाचसहा बायका बसल्या होत्या. ती सरळ त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बगा. कळतंय का काय?"

बायकांनी बघितलं. कुणी म्हणालं, न्हाई. कुणी म्हणालं, वळ बगू जरा. मग एकीनं विचारलं, "कुनी दिला?"

"ह्या ताईंनी बनवला. त्येंचा सोताचा हाय ना, त्येच्यावरनं."

सगळ्या नजरा माझ्या पदरावर आल्या. मला आठवतं, मी पायाखालची वालाची टरफलं बघत होते आणि मनात एसटीची वेळ मोजत होते. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. तिनं ते अभिमानानं सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, तिनं माझा पदर सगळ्यांसमोर ओढला. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे बारीक करून मला नीट न्याहाळलं.

"कंचा खरा?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. त्या खरंच विचारत होत्या.

"उजवा," मी म्हणाले.

"अस्सं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या. जाऊबाईंनी मला सूप दिलं आणि मीही सोलायला बसले. बोलणं कुणाच्या तरी म्हशीवर गेलं. माझ्या हातून मात्र बराच वेळ दाण्यांबरोबर टरफलंही सुपात पडत होती.

तिला दिलेला तो पहिला काही फार दिवस टिकला नाही. मागची फोमची चकती सुटून आली. घट्ट झालेल्या सिलिकोनला काही चिकटत नाही आणि ते कशाला चिकटत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि इथं तोच नडला. दुसऱ्या वेळी मी सिलिकोन ओलं असतानाच फोम त्यात दाबला, म्हणजे ते फोमच्या भोकांत शिरून आतच घट्ट झालं. तो अजून चाललाय. ती तो बाजाराला, माहेरी जाताना, लग्नाकार्यात लावते. शेतात नाही लावत. "तिथं उकडतं," ती म्हणाली, "आनि तिथं कोन बगतंय? बगंना का." मी अजूनही झोपताना सोडून कधी काढत नाही.

जाऊबाईंनी आणखी कुणाकुणाला सांगितलं असावं. परवा दुपारी मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते आणि ह्यांचा मोबाईल वाजला. कुणी बाई होत्या, सारोळ्याच्या बाजूच्या. मी खुणेनं म्हणत होते, नाही म्हणा, चुकीचा नंबर म्हणा. ह्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"हो, इथंच," हे म्हणाले. "स्तन ना? हो, माझी बायको करते. भोरला एसटी स्टँडवर उतरा आणि उत्रोलीच्या रस्त्याला लागा." शिकवणीचा पत्ता सांगावा तशा आवाजात ते बोलत होते, आणि खिडकी उघडी होती, आणि खाली शेजारी स्कूटर पुसत होते. माझा चेहरा तापला. मी लाल पेनानं एका बरोबर उत्तरावर फुली मारली आणि ती खोडायला लागले.